ओलीं लांकडें : घरकामाच्या सबबी आणि युक्त्या

‘नाचतां येईना अंगण वांकडें, रांधतां येईना ओलीं लांकडें’ ही म्हण मराठी माणसाच्या कानांवरून लहानपणींच गेलेली असते. तिचा पहिला अर्धा भाग सर्वांच्या तोंडीं असतो; दुसरा बहुधा विस्मरणांत जातो. वास्तविक पाहतां गृहसंसाराच्या दृष्टीनें दुसराच भाग अधिक महत्त्वाचा होय. अंगण वांकडें असल्याची तक्रार करणारी नर्तकी घरोघर आढळत नाहीं. परंतु लांकडें ओलीं असल्याची तक्रार करणारें माणूस प्रत्येक घरांत निदान एक तरी असतेंच. शहरांतल्या स्वयंपाकघरांतून चूल गेली आणि तिच्याबरोबर लांकडेंही गेलीं. तक्रार मात्र जागच्या जागीं राहिली.

घरकामाचा कंटाळा हा केवळ आळसाचा प्रकार आहे असें मानणें न्यायाचें होणार नाहीं. त्या कामाचा स्वभावच विलक्षण आहे. भिंत एकदां बांधली म्हणजे ती उभी राहते. हिशेब एकदां जुळला म्हणजे तो मिटतो. घासलेलें भांडें मात्र पुन्हा खरकटें होण्यासाठींच घासलेलें असतें आणि काढलेला केर दुसऱ्या दिवशीं पुन्हा पडलेला असतो. शिवाय हें काम केलें तर कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. न केलें तरच तें सर्वांना दिसतें. ज्या कामाला शेवट नाहीं आणि शाबासकीही नाहीं, तें टाळावेंसें वाटणें हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं, टाळलेल्या कामाचें पुढें होतें काय? त्याचें उत्तर मिळण्यासाठीं सबबींचे मुख्य प्रकार एकदां डोळ्यांखालून घालणें इष्ट आहे.

पहिली सबब काळाची. “अहो, दोरीवरचे कपडे काढतां का? आभाळ आलं आहे,” असें आंतून विचारलें जातें. “काढतों, एवढं वाचून होऊं दे,” असें बाहेरून उत्तर येतें. ह्या ‘एवढं’ शब्दाचें माप कोणत्याही कोष्टकांत दिलेलें नाहीं. वर्तमानपत्राला निदान शेवटचें पान असे. हातांतल्या मोबाइलला तेंही नसतें. अखेर कपडे कोणीतरी काढतेंच, आणि तें कोणीतरी म्हणजे बहुधा ज्या माणसानें विचारलें तेंच माणूस असतें.

दुसरी सबब अज्ञानाची. कचेरींत पैशापैशाचा ताळा जुळविणाऱ्या गृहस्थास आमटींत मीठ किती घालावें हें कळत नाहीं. मुंबईच्या गर्दींतून मोटार सुखरूप आणणाऱ्यास कपडे धुण्याच्या यंत्राचीं तीन बटणें गोंधळांत पाडतात. “मला तें जमत नाहीं” हें वाक्य नम्रतेचें दिसतें. पण त्याचा उपयोग फार मोठा असतो. एकदां दूध उतूं घालवावें आणि दहा वर्षें शेगडीपासून मुक्त व्हावें, असा हा व्यवहार आहे. वस्तुतः घरकामांतील कोणतेंही कौशल्य जन्मजात नाहीं. मुलीलाही पहिली पोळी गोल येत नाहीं. फरक इतकाच कीं, तिची वांकडी पोळी पाहून तिला लाटण्यापासून कोणी मुक्त करीत नाहीं.

तिसरी सबब स्तुतीची. “तुझ्या हाताची चव दुसऱ्या कोणाच्या हाताला येणार?” ह्या वाक्यानें बोलणाऱ्याचें काम टळतें आणि ऐकणारीस तें सन्मानपूर्वक मिळतें. सर्व सबबींत ही अधिक कुशल होय. कारण तिच्याविरुद्ध तक्रार करूं गेल्यास तक्रार करणारीच कृतघ्न ठरते.

चौथी सबब आज्ञाधारकपणाची. “सांगितलं असतंस तर केलं असतं,” असें म्हणणारा मनुष्य प्रामाणिकही असतो. सांगितलें कीं तो खरोखरच काम करतो. परंतु प्रत्येक घरकामाचे दोन भाग असतात : एक तें हातानें करण्याचा आणि दुसरा तें ध्यानांत ठेवण्याचा. तूरडाळ संपत आली आहे, धाकट्याच्या गणवेशाचें बटण तुटलें आहे, गुरुवारीं पाणी येणार नाहीं, सासूबाईंचें औषध परवां पुरेल इतकेंच आहे, ही यादी कोठें लिहिलेली नसते. ती कोणाच्या तरी डोक्यांत अहोरात्र चालूं असते. आज्ञेची वाट पाहणारा मनुष्य कामाचा हलका भाग उचलतो आणि जड भाग दुसऱ्याच्या डोक्यावर तसाच ठेवतो.

पांचवी सबब मुलांची. ताटें घ्यावयाची वेळ झाली कीं चिरंजीवांस अभ्यासाची तीव्र आठवण होते, आणि ताटें उचलावयाची वेळ झाली कीं ती दुपटीनें तीव्र होते. अलीकडे मुलांच्या हातीं शास्त्राचाही आधार आला आहे. इंग्लंडमधील किंग्स्टन विद्यापीठांतील स्टीफन प्रेटलव्ह यांनीं २००५ सालीं असें मांडलें कीं, अंथरूण सकाळीं लगेच न आवरतां उघडें ठेवल्यास त्यांतील ओल उडून जाते, आणि हवेंतल्या ओलीवर जगणारे धुळींतले सूक्ष्म किडे तेथें कमी टिकतील. ही बातमी ज्या मुलाच्या वाचनांत आली, त्याला अंथरूण न आवरणें हें आरोग्यरक्षणाचें कर्तव्यच वाटूं लागतें. हें मत गणिती प्रतिमानावरून काढलेलें होतें, आणि मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत उघडें अंथरूण वाळण्याऐवजीं अधिकच दमट होतें, एवढी पुरवणी त्यास जोडणें आवश्यक आहे. अंथरूण तासभर उघडें ठेवून मग आवरावें, म्हणजे शास्त्राचाही मान राहतो आणि आईचाही.

सहावी सबब भिजत घालण्याची. “भांडीं भिजत घातलीं आहेत,” असें म्हणून मोरींतून बाहेर पडणें ही कला सर्व वयांच्या माणसांना साधलेली असते. मात्र ही सबब इतरांहून निराळी आहे. कारण तिच्यांत तथ्य आहे. भांड्याच्या तळाशीं वाळलेला भात म्हणजे घट्ट झालेलें पिष्ट. तें सावकाश पाणी शोषून फुगतें आणि आपण होऊन सुटतें. अर्ध्या तासानें तेंच भांडें निम्म्या श्रमांत निघतें. दुधाच्या पातेल्यांत प्रथम गार पाणी घालावें. कढत पाण्यानें त्यांतलीं प्रथिनें अधिकच चिकटून बसतात. तुपातेलाच्या भांड्याला उलट गरम पाणी आणि साबण हवा, कारण गार पाण्यांत स्निग्ध पदार्थ गोठतात. लोखंडी तवा अगर कढई मात्र मुळींच भिजत ठेवूं नये; त्यांना गंज चढतो. तेव्हां भाताचें पातेलें भिजत घालून अर्ध्या तासानें परत येणारा मनुष्य युक्तिवान ठरतो. तवा भिजत घालून झोपावयास जाणारा मात्र कामचुकार.

ह्या सहाव्या प्रकारावरूनच सबब आणि युक्ति यांतील भेद स्पष्ट होतो. सबबीनें काम कमी होत नाहीं; तें एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातें. युक्तीनें काम खरोखर घटतें, आणि कोणाच्याही वाट्याला नवें येत नाहीं. एखादी क्लृप्ति सुचली असतां ती कोणत्या जातीची हें ओळखावयाचें असेल तर एकच प्रश्न पुरे : ‘ही केल्यावर उरलेलें काम कोण करणार?’ उत्तर ‘कोणी नाहीं’ असें आलें तर ती युक्ति. एखाद्या माणसाचें नांव आलें तर ती सबब.

खऱ्या युक्तीचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्यांत अमेरिकेंतील गिल्ब्रेथ पतिपत्नींचें नांव प्रसिद्ध आहे. फ्रँक गिल्ब्रेथ यांनीं आयुष्याची सुरुवात गवंडीकामानें केली. गवंडी एक वीट रचतांना सुमारें १८ हालचाली करतो, आणि त्यांतला बराच भाग वाकून विटा उचलण्याचा असतो, असें त्यांना दिसलें. विटा हाताच्या उंचीवर येतील अशी परांची त्यांनीं योजिली आणि हालचालींची संख्या साडेचारपर्यंत खालीं आणली. १९२४ सालीं ते वारले. त्यांच्या पत्नी लिलियन ह्या मानसशास्त्राच्या डॉक्टर आणि बारा मुलांच्या आई. त्यांनीं हीच दृष्टि स्वयंपाकघराकडे वळविली. १९२९ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका गॅस कंपनीसाठीं त्यांनीं नमुन्याचें स्वयंपाकघर मांडलें. शेगडी, ओटा आणि सामान एकमेकांच्या हाताशीं आणलें आणि मध्यें चाकांचें टेबल ठेवलें. मग स्ट्रॉबेरीचा एकच गोड पदार्थ जुन्या आणि नव्या मांडणींत करवून पाहिला. क्रिया ९७ वरून ६४ वर आल्या आणि पावलें २८१ वरून ४५ वर. पदार्थ तोच आणि करणारे हातही दोनच. वांचली ती केवळ येरझार.

मराठी स्वयंपाकघराला हें तत्त्व परकें नाहीं. मिसळणाचा डबा ही त्याचीच देशी आवृत्ति आहे. मोहरी, जिरें, हळद, तिखट यांच्या वाट्या एका डब्यांत बसवून तो शेगडीशेजारीं ठेवला कीं फोडणी जळावयाच्या आंत सर्व जिन्नस हातीं लागतात. तोच न्याय चहाला लावून चहा, साखर, गाळणें आणि कप एका जागीं ठेवले, तर ‘साखर कुठं आहे?’ ही आणखी एक लोकप्रिय सबब आपोआप नाहींशी होते.

दुसरी युक्ति म्हणजे माणसाऐवजीं उष्णतेला कामाला लावण्याची. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनीं १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें घट्ट झांकणाचें, वाफ कोंडणारें पातेलें मांडलें. कठीण हाडें त्यांत मऊ होत असत. कोंडलेल्या वाफेच्या दाबाखालीं पाण्याचा उत्कलनबिंदु १०० अंशांवरून सुमारें १२० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळें डाळ लवकर शिजते. आजच्या प्रेशर कुकरचें तत्त्व हेंच. त्या आधीं कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. हायजीनिक आणि इकॉनॉमिक ह्या दोन इंग्रजी शब्दांच्या शेपटांवरून त्याचें नांव पडलें. उंच डब्याच्या तळाशीं निखारे आणि वर एकावर एक ठेवलेलीं भांडीं, अशी त्याची रचना होती. भात, डाळ आणि भाजी एकदम चढवून माणसानें आपल्या उद्योगाला जावें. परत येईपर्यंत जेवण तयार. ह्यांत आळशी माणसाची इच्छा पूर्ण होते आणि कोणाच्याही अंगावर काम पडत नाहीं.

कडधान्यें रात्रीं भिजत घालणें हीही त्याच जातीची युक्ति. राजमा किंवा छोले रात्रभर पाण्यांत राहिले म्हणजे सकाळचें इंधन आणि वेळ दोन्ही वांचतात. तसेंच चिंच अगर आमसूल डाळ शिजल्यानंतरच घालावें. आंबटामुळें डाळीचे दाणे मऊ व्हावयास वेळ लागतो. घरोघरच्या आज्या हें करीत आल्या आणि त्याला त्यांनीं युक्ति असें नांवही दिलें नाहीं.

तथापि प्रत्येक यंत्र ही युक्ति असतेच असें नाहीं. रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या अमेरिकन इतिहासकार बाईंनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ ह्या ग्रंथांत एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. अमेरिकन घरांत उघड्या चुलीच्या जागीं लोखंडी शेगडी आली तेव्हां लांकूड कमी लागूं लागलें. लांकडें तोडणें हें पुरुषांचें काम, तें घटलें. परंतु शेगडीवर एका वेळीं अनेक पदार्थ होऊं लागल्यामुळें जेवण अधिक थाटाचें झालें, आणि रांधणें हें स्त्रियांचें काम वाढलें. म्हणजे सुधारणेनें ओल्या लांकडांचा प्रश्न सोडविला तो लांकडें आणणाऱ्याचा, रांधणारीचा नव्हे. कपडे धुण्याच्या यंत्राचीही कथा निराळी नाहीं. धुणें सोपें झालें कीं एकदां अंगावर चढलेला सदरा लगेच मळका ठरतो, आणि यंत्रानें वांचविलेला वेळ घड्या घालण्यांत जातो.

मध्यमवर्गीय शहरी घराची सर्वांत मोठी सोय म्हणजे कामाला बाई लावणें. वरील कसोटी येथें लाविली तर उत्तर काय येतें? उरलेलें काम कोण करणार, ह्या प्रश्नाला माणसाचें नांव येतें. आणि तें माणूस स्वतःच्या घरचें काम उरकून दुसऱ्यांच्या चार घरचीं भांडीं घासावयास आलेलें असतें. तेव्हां ही युक्ति नव्हे. हा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हटला कीं त्याला योग्य मोबदला, सुट्टी आणि सन्मान हे आलेच. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालीं संप करून ही गोष्ट शहराच्या ध्यानीं आणून दिली, आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्र शासनानें २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं मंडळ स्थापन करण्याचा कायदा केला. ज्या घरांत बाईनें एक दिवस खाडा केला असतां हाहाकार उडतो, त्या घरांत घरकाम ‘किरकोळ’ आहे असें म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाहीं.

सबबींची थट्टा येथवर ठीक आहे. परंतु त्यांची बेरीज मांडली असतां ती थट्टेवारी नेण्यासारखी राहत नाहीं. भारत सरकारनें २०१९ सालीं केलेल्या वेळ-वापर पाहणींत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा ८१·२ जणी दररोज विनावेतन घरकाम करीत असल्याचें आढळलें. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २६·१ होतें. काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जात आणि काम करणाऱ्या पुरुषांचीं ९७. पुढील पाहणी २०२४ सालची. तींत स्त्रियांचीं मिनिटें २८९ झालीं आणि पुरुषांचीं ८८. पांच वर्षांत स्त्रियांचीं दहा मिनिटें वांचलीं हें खरें. पण पुरुषांचींही नऊ वांचलीं. याचा अर्थ उघड आहे. कामाचें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर वांटप झालें नाहीं. जवळजवळ पांच तासांची ही तूट कोणाच्या तरी शिक्षणांतून, नोकरींतून, झोपेंतून अगर नुसतें खिडकीशीं बसण्याच्या सुखांतून भरून काढली जाते.

काम टाळण्याचा एक प्रकार मात्र सबब नाहीं आणि युक्तीही नाहीं; तो म्हणजे उघड नकार. आइसलँडमधील स्त्रियांनीं २४ ऑक्टोबर १९७५ रोजीं तो करून दाखविला. ‘संप’ हा शब्द कित्येकींना कठोर वाटला, म्हणून त्या दिवसाला ‘स्त्रियांची रजा’ असें सौम्य नांव देण्यांत आलें. देशांतील सुमारें शेंकडा ९० स्त्रियांनीं त्या दिवशीं कचेरींतलें व घरांतलें काम सोडलें. शाळा आणि बालकमंदिरें ओस पडलीं. वडील मंडळी मुलांना घेऊन कामावर गेली. आणि शिजवावयास सोपे म्हणून सॉसेज दुकानांतून संपून गेले. पुढच्याच वर्षीं, १९७६ सालीं, तेथें स्त्रीपुरुष समानतेचा कायदा झाला. न केल्यावरच घरकाम दिसतें हा त्याचा जुना गुण त्या देशानें एका दिवसांत अनुभवला.

प्रत्येक घरांत रजेचा असा दिवस पाळलाच पाहिजे असें नाहीं. एखाद्या रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून आठवड्याच्या कामांची यादी कागदावर काढावी. तींत केर, भांडीं, धुणें यांबरोबरच औषधें, बिलें, वाणसामान आणि गिरणी ह्या लक्षांत ठेवण्याच्या कामांनाही स्वतंत्र ओळ द्यावी. मग प्रत्येक ओळीपुढें नांव लिहावें. ज्याच्या नांवावर काम असेल त्यानें तें आठवणीसकट सांभाळावें आणि दुसऱ्यानें सांगण्याची वाट पाहूं नये. पहिल्या महिन्यांत आमटी खारट होईल, घड्या वांकड्या येतील आणि दूधही दोनदां उतूं जाईल. तेवढ्यासाठीं काम काढून घेऊं नये. शिकाऊ हाताला मुलीच्या पहिल्या पोळीइतकीच सवलत द्यावी. नांवें लिहून झाल्यावर मग युक्त्यांचा विचार करावा : कोणतें काम आठवड्यांतून एकदांच पुरे, कोणतें दोन भांड्यांऐवजीं एका भांड्यांत होईल आणि कोणतें मुळींच केलें नाहीं तरी कोणाचें बिघडणार नाहीं. शेवटच्या सदरांत पुष्कळ कामें सांपडतात. तीं सर्वांनीं मिळून, कोणतीही सबब न सांगतां, खुशाल टाळावींत.